मीटरपासून टाकीपर्यंतची जमिनीखालची लाइन पुन्हा पुन्हा फुटते: कारण कसं ओळखायचं आणि कोणता पाइप टाकायचा

मीटरपासून हौदापर्यंतची किंवा हौदातून गच्चीवरच्या टाकीकडे जाणारी लाइन गळायला लागली की ठरलेली दुरुस्ती होते. ओल दिसते तिथे खणायचं, फुटका तुकडा कापायचा, दोन कपलर टाकून नवा तुकडा बसवायचा आणि खड्डा बुजवायचा. वर्षभरात तिथून दोन-तीन हातांवर पुन्हा ओल येते. यात नवल नाही, कारण प्रत्येक दुरुस्तीने लाइनीत दोन सांधे वाढतात आणि जमिनीखालची लाइन बहुतेक वेळा सांध्यालाच जाते. तिसऱ्यांदा खणायची वेळ आली असेल तर तुकडा जोडणं थांबवा आणि लाइन का जाते ते आधी शोधा. पाइप निवडायचा तो त्या कारणाकडे बघून.

गळती आहे ना, आणि कुठे आहे

घरातले सगळे नळ बंद करा, टाकीच्या तोंडाची चावी बंद करा आणि पाणी सुटल्यावर मीटरकडे बघा. आकड्यांच्या शेजारी एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. ती जराही फिरत असेल तर मीटर आणि त्या चावीच्या मध्ये पाणी जातंय. जिथे दिवसाला तासभर किंवा दोन-तीन दिवसांआड पाणी येतं, तिथे पहिली दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. रिकाम्या लाइनीतली हवा बाहेर पडतानाही मीटर फिरतो आणि माणूस फसतो.

हौद ते गच्ची ही लाइन मीटरच्या पुढची, म्हणून तिला ही युक्ती चालत नाही. तिथे मोटरचा वेळ मोजा. हजार लिटरची टाकी २५ मिनिटांत भरायची ती आता ३५ मिनिटं घेत असेल, हौदात पाणी पुरेसं असेल आणि फूट व्हॉल्व्ह (मोटरच्या हौदातल्या पाइपच्या तळाची झडप) ठीक असेल, तर लाइनीवर संशय घ्या.

अंगणात ओल आहे, पण ती नळाच्या पाण्याची की शेजारच्या शोषखड्ड्याची हे कळत नसेल, तर ग्रामपंचायतीत पाण्याची क्लोरीन तपासायला वापरतात ती ओटी टेस्ट (पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंग बघायची) इथे कामी येते. खड्ड्यात साठलेल्या ताज्या पाण्याला पिवळा रंग आला की ते नळाचंच पाणी. मात्र रंग आला नाही म्हणून गळती नाही असं धरू नका. मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जातं.

ओल जिथे वर येते तिथेच भोक असतं असंही नाही. पाणी चरातल्या मोकळ्या मातीतून उताराकडे धावतं आणि घट्ट जागा लागली की वर येतं. म्हणून ओलीपासून लाइनीच्या चढाकडे सरकत खणा. रात्री, रहदारी थांबल्यावर, लोखंडी सळई जमिनीत रोवून तिच्या टोकाला कान लावला तर दाबाखालचं पाणी सुसू करताना ऐकू येतं. दीड मिलिमीटरचं भोक आणि दोन किलोचा दाब एवढ्यावर मिनिटाला सव्वा लिटर पाणी जातं, म्हणजे चोवीस तास पाणी असेल तर दिवसाला अठराशे लिटर.

हे नुसतं पाणी वाया जाण्याचं प्रकरण नाही. पाणी बंद झाल्यावर लाइनीत पोकळी तयार होते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून आजूबाजूचं गढूळ पाणी आत येतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावून पाणी ओढत असेल तर ही ओढ कितीतरी वाढते. पावसाळ्यात गटाराशेजारची गळकी लाइन म्हणजे गॅस्ट्रो आणि कावीळ घरात येण्याची वाट आहे. सुरुवातीचं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.

काढलेला तुकडा फेकू नका

पाइप का गेला हे त्या तुकड्यावरच वाचता येतं. तो धुवून, पुसून उजेडात बघा.

जीआय पाइपला, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला, बाहेरून तांबूस खड्डे आणि त्यातल्या एखाद्यात सुईएवढं भोक असेल तर माती पाइप खातेय. काळी माती ओल धरून ठेवते, किनारपट्टीवर खारटपणा असतो. दोन्हीकडे जस्ताचा थर लवकर संपतो. भोक सॉकेटच्या तोंडाशी, आट्यांवर असेल तर तो आटे पाडण्याचा परिणाम: डाय (आटे कापायचं हत्यार) फिरवताना जस्त तर निघतंच, वर पाइपची जाडीही कमी होते. पाइप आडवा कापून आत बघा. अर्धा इंची पाइपात पेन्सिल जेमतेम जाईल एवढी गंजाची पुटं साचली असतील तर कमी दाबाची तक्रारही तिथलीच आहे. अशा लाइनीत एक तुकडा बदलून काही साधत नाही; बाकीची लाइन त्याच वयाची आणि त्याच मातीतली आहे.

पीव्हीसी पाइपवरच्या चिरा जास्त बोलक्या असतात. सॉकेटपासून निघालेली उभी चीर बहुधा आट्यांच्या जोडाला असते. प्लास्टिकच्या फिमेल (आतून आटे असलेल्या) अडॅप्टरमध्ये जीआयचं निप्पल (दोन्हीकडे आटे असलेला छोटा तुकडा) भरपूर टेप गुंडाळून पान्याने पिळलं की अडॅप्टर आतून ताणला जातो आणि काही महिन्यांनी उकलतो. पाइपभोवती बांगडीसारखी गोल, साफ चीर असेल तर पाइप वाकवला गेलाय, म्हणजे जमीन खचली किंवा फुगली. फूट-दीड फूट लांब उभी चीर पडली असेल तर पाइप कमी दाबाचा तरी होता किंवा मोटर बंद होतानाचे पाण्याचे तडाखे त्याला सोसले नाहीत. आणि पाइप सॉकेटमधून अख्खा निसटून आला असेल, त्यावर सोल्युशनचे (पीव्हीसी चिकटवायच्या द्रवाचे) नुसते ओघळ असतील, तर सांधा ओला किंवा मातकट असताना जोडला होता.

एचडीपीई, म्हणजे वेटोळ्यात येणारा, वाकणारा काळा प्लास्टिकचा पाइप, सहसा अंगाने जात नाही. तो कॉम्प्रेशन फिटिंगमधून (नट आवळून पाइप धरणाऱ्या जोडातून) निसटतो, वळणावर मोडून चपटा होतो किंवा घूस कुरतडते. दातांचे समांतर ओरखडे ओळखू येतात.

काळ्या मातीत भिंतीपाशीच का फुटतं

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगरकडे ही तक्रार इतकी सर्रास आहे की तिच्यावर नीट थांबायला हवं. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आक्रसते, खाली बसते. जूनमध्ये पहिले दोन दमदार पाऊस झाले की तीच माती फुगून वर येते. घराचा पाया खोल असतो, तो फारसा हलत नाही. अंगण मात्र वर-खाली होतं. पाइप अंगणातून येऊन जोत्याच्या भिंतीत शिरतो. त्याचं एक टोक सिमेंटात घट्ट पकडलेलं आणि दुसरं हलत्या मातीत, त्यामुळे सगळा ताण भिंतीला लागून असलेल्या पहिल्या वीतभर पाइपवर येतो. बांगडीसारखी चीर तिथेच पडते. तिथे पीव्हीसीचा एल्बो असेल तर तो आधी जातो. एकदा गळायला लागलं की त्या जागची माती कायम ओली, म्हणून फुगलेली, आणि बाजूची कोरडी. त्या फरकाने ताण आणखी वाढतो.

तुमची लाइन मे-जूनमध्ये किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुटत असेल आणि जागा जोत्याच्या आसपास असेल, तर दोष मातीच्या हालचालीचा आहे. तिथे कितीही महागडा कडक पाइप टाकला तरी तो फुटेलच. जाडी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, पाइप वाकता यायला हवा.

मग कोणता पाइप

बहुतेक घरांसाठी आमचं उत्तर एकच आहे: मीटर ते टाकी मध्ये एकही सांधा न घेता एचडीपीईचा अखंड पाइप, पीई १०० (प्लास्टिकची प्रत), पीएन १६ (सोळा किलो दाबाचा), आयएस ४९८४ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. निळा एमडीपीई (त्याच जातीचा, थोडा मऊ पाइप) मिळत असेल तर तोही तितकाच चांगला. नागपूरच्या आणि कराडजवळच्या मलकापूरच्या चोवीस तास पाणी योजनांत घरजोडण्यांसाठी एमडीपीईच घेतला गेला. हे पाइप वेटोळ्यात येतात, त्यामुळे २५-३० मीटरचं अंतर एका तुकड्यात निघतं. गंजत नाहीत, आणि माती हलली की तिच्याबरोबर थोडे वाकतात.

माप घेताना गोंधळ होतो. जीआयचं अर्धा इंच, पाऊण इंच हे साधारण आतल्या पोकळीचं माप असतं, एचडीपीईचं बाहेरचं. अर्ध्या इंचाच्या जागी २० मिमी, पाऊण इंचाला २५ मिमी आणि एक इंचाला ३२ मिमी. दाब कमी असलेल्या गावात मीटरच्या पुढे २५ मिमी टाकाच. मिनिटाला १० लिटर पाणी २५ मीटर लांब लाइनीतून नेताना २० मिमी पाइपात सुमारे दोन मीटर उंचीचा दाब खर्ची पडतो, २५ मिमीत अर्धा मीटर. मुख्य लाइनीपासून मीटरपर्यंतचा भाग, फेरूल आणि सॅडल (मुख्य लाइनीवरून जोडणी घ्यायचे भाग) यांना मात्र हात लावू नका. ते काम नगरपालिकेच्या परवानगीने आणि परवानाधारक प्लंबरकडूनच.

बाजारात काळा पाइप किलोवर मिळतो आणि त्यात पुनर्वापराच्या प्लास्टिकचा माल भरपूर असतो. आतून बोट फिरवा, खरखरीत लागला किंवा जळकट वास आला तर परत करा. चांगल्या पाइपवर कंपनीचं नाव, आयएस ४९८४, पीई १००, पीएन, माप आणि बॅच नंबर ठरावीक अंतराने छापलेला असतो. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. सोपी परीक्षा वजनाची: २५ मिमी, पीएन १६ चं १०० मीटरचं वेटोळं १५ किलोच्या आत भरलं तर भिंत पातळ आहे. ठिबकची काळी नळी तर या कामाला अजिबात नको. ती या दाबासाठी बनवलेलीच नाही.

यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) टाकायचाच असेल तर मुरमाड किंवा कातळाच्या, न हलणाऱ्या जमिनीत, सरळ आणि छोट्या अंतराला. शेतीचा ४ किंवा ६ किलोचा पाइप मोटरच्या लाइनीला वापरू नका, किमान १० किलोचा घ्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी शिसेविरहित असा उल्लेख बघून घ्या. जोडताना टोक काटकोनात कापा, कड तासा, कोरड्या फडक्याने पुसा, सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा, पाव फेरा फिरवत पूर्ण आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. दाब २४ तासांनंतरच. सीपीव्हीसी गरम पाण्याचा पाइप आहे; थंड पाण्याच्या जमिनीखालच्या लाइनीला त्याचा जास्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही, आणि तोही कडकच. पीपीआर या दुसऱ्या प्लास्टिक पाइपचे सांधे वितळवून केले तर पक्के होतात, पण पाइप तीन-तीन मीटरचे येत असल्याने जमिनीत सांधे राहतातच.

जीआय उघड्यावर चांगला: मीटरचा स्टँड, चेंबर, भिंतीवरून चढणारी, उन्हात असलेली लाइन. तिथे निळ्या पट्ट्याचा बी क्लास (मध्यम जाडीचा) पुरतो. एचडीपीई टाळावा अशी एक जागा मात्र आहे. गॅरेज, पेट्रोल पंप किंवा डिझेल सांडत असलेली जमीन शेजारी असेल तर तेलाचे अंश प्लास्टिकच्या भिंतीतून झिरपून पाण्यात उतरतात. तिथे लाइनीचा मार्ग बदला, नाहीतर तेवढ्या टप्प्यात सी क्लास (जाड) जीआय गंजरोधक टेप गुंडाळून वापरा.

जुना जीआय काढण्याआधी अर्थिंग बघा

हे काम सुरू करण्याआधीच करायचं आहे. जुन्या घरांत विजेच्या अर्थिंगची तार कित्येकदा नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असते. तो पाइप काढून प्लास्टिक टाकलं की सगळ्या घराचं अर्थिंग एका क्षणात तुटतं आणि गीझर किंवा वॉशिंग मशिनच्या अंगात वीज उतरली तर धक्का थेट माणसाला बसतो. पाइपला कुठेही तार दिसली तर इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून, तपासून घ्या आणि मगच पाइपला हात लावा. पाइप कापतानाही त्यात वीज खेळत नाही ना हे टेस्टरने बघा.

टाकण्याची पद्धत, २५ मीटरच्या लाइनीसाठी

सामान: २५ मिमी पाइप ३० मीटर, दोन्ही टोकांना पितळी आट्यांचे कॉम्प्रेशन अडॅप्टर दोन, मीटरच्या पुढे एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक नॉन-रिटर्न (पाणी उलट जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह, भिंतीतल्या स्लीव्हसाठी (पाइप आतून मोकळा जाईल अशा बाहेरच्या नळीसाठी) ७५ मिमी पीव्हीसीचा हातभर तुकडा, आणि पाऊण ब्रास बारीक वाळू किंवा चाळलेली क्रश सँड.

चर एक फूट रुंद घ्या. खोली अंगणात दोन फूट, गाडी जाते तिथे तीन फूट. तळातले दगड वेचून तीन इंच वाळू पसरा. जांभ्याच्या जमिनीत ही वाळू विसरलात तर दगडाची एक कड पाइपला वर्षानुवर्षं टोचत राहते आणि नेमकी तिथेच चीर पडते. सांडपाण्याची लाइन ओलांडायची असेल तर पाण्याचा पाइप किमान दीड फूट वरून न्या आणि दोन्ही बाजूंना मीटरभर स्लीव्ह घाला.

वेटोळं तासभर उन्हात उलगडून ठेवा, पाइप नरम होऊन सरळ होतो. चरात तो ताणून टाकू नका, सापासारखा हलका नागमोडी टाका. एचडीपीई तापमानाने बराच लांब-आखूड होतो: २५ मीटरचा पाइप २० अंशांच्या फरकाने ९ सेंटीमीटरच्या आसपास आक्रसतो. दुपारी तापलेला पाइप ताठ जोडून बुजवला तर रात्री तो फिटिंगमधून स्वतःला ओढून घेतो. टोकं सकाळी, पाइप गार असताना जोडा. वळण देताना गोलाईची त्रिज्या दोन फुटांपेक्षा कमी नको.

कॉम्प्रेशन फिटिंग नीट बसलं तर कायमचं बसतं, आणि निसटतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: पाइप पूर्ण आत गेलेला नसतो. टोक काटकोनात कापा, बाहेरची कड चाकूने तासा, फिटिंगची खोली मोजून पाइपवर खूण करा. टोकाला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. रिंगपाशी अडल्यासारखं वाटेल, तिथे न थांबता खुणेपर्यंत ढकला आणि मग नट आवळा. एचडीपीईला कुठलंही सोल्युशन चिकटत नाही. एम-सील किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी फार तर प्लंबर येईपर्यंत.

जोत्याच्या भिंतीत ७५ मिमीची स्लीव्ह बसवा, पाइप तिच्यातून मोकळा जाऊ द्या. मधली जागा सिमेंटने भरू नका. दोन्ही तोंडांना फोम किंवा डांबरी सुतळी ठासा आणि घुशी असतील तर बाहेरून बारीक जाळी लावा. भिंतीबाहेर अर्धा मीटर जादा पाइपाची सैल कमान ठेवा. माती वर-खाली होईल तेव्हा हीच कमान उघडते-मिटते. काळ्या मातीत चर भरायला तीच माती वापरू नका, वाळूवर मुरूम घाला.

बुजवण्याआधी

सांधे उघडे ठेवून पाइपच्या मधल्या भागावर थोडी वाळू टाका. टाकीकडचं टोक बंद करून, हवा काढून, हातपंपाच्या टेस्टिंग मशिनने सहा किलो दाब द्या. एचडीपीई दाबाखाली किंचित फुगतो, म्हणून काटा सुरुवातीला उतरतो. तेवढ्याने घाबरून फिटिंग पिळत बसू नका. अर्धा तास दाब पुन्हा पुन्हा भरा आणि मग पुढचा तासभर बघा. काटा जवळपास स्थिर आणि सांधे कोरडे, तर लाइन पास.

मीटरची चावी बंद ठेवूनच पाइप निर्जंतुक करा. २५ मीटर लाइनीत आठ लिटरच्या आसपास पाणी मावतं. दहा लिटर पाण्यात दोन ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी लाइनीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी ते टाकीत जाऊ न देता बाहेर सोडा आणि वास जाईपर्यंत लाइन धुवा.

पाइपाच्या चारही बाजूंनी वाळू आणि वर सहा इंच वाळूचा थर होऊ द्या, मग मुरूम थराथराने चोपा. पाइपच्या फूटभर वर निळी किंवा पिवळी खुणेची पट्टी टाका, पुढे कुणी कुदळ मारली तर आधी पट्टी लागेल. प्लास्टिकचा पाइप नंतर कुठल्याही यंत्राने सहज सापडत नाही. म्हणून चर उघडा असतानाच भिंतीच्या कोपऱ्यापासून टेप धरून फोटो काढा आणि मापं मीटरच्या चेंबरच्या झाकणाच्या आत ऑइल पेंटने लिहून ठेवा.